भाजलेली माती

फार पूर्वी, माती अजून माणसांशी बोलायची तेव्हाची ही गोष्ट. डोंगरउतारावर एक गाव होतं. तिथल्या कारभाऱ्यानं सुगंधी तेलासाठी आपल्या बांधावर तेलकट पानांची झाडं लावली होती. पेरणीआधी गळलेला पाला पसरून शेत भाजायचं, ही गावाची रीत. भाजलं की शेत शुद्ध होतं म्हणे!

कसलं शुद्ध? त्या पाल्यातलं मेण वितळून मातीच्या कणाकणाला चिकटायचं. मग पाणी ओता, त्याचे मणी होऊन घरंगळायचे. आत थेंब नाही.

कारभाऱ्याच्या बांधाखाली एका बाईचं शेत; सारं गाव तिला मावशी म्हणायचं. एकटा जीव, तेवढाच आधार. बांधावरचा पाला गळायचा तो सगळा तिच्याच शेतात, आणि तिथं काही उगवेना.

कारभारी म्हणाला, "मावशी, तुझ्या हातालाच गुण नाही. यंदा पीक आलं नाही, तर शेत मी घेणार."

आणि गावानं माना डोलावल्या! झाडं याची, पाला याचा, आणि दोष बाईच्या हाताचा!

मावशी गुरांच्या डोणीपाशी रडत बसली. डोणीतलं पाणी सांडून तिथली माती सदा ओली. ती मात्र पाणी गटागटा पीत होती.

"तू कशी गं पितेस?" मावशीनं विचारलं.

"माझ्या पोटात बारीक जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे," माती म्हणाली. "ते मेण खातात. तुमच्या शेतातले तुम्हीच भाजून मारलेत. इथले ने. पण ओल ठेव, आणि विस्तव दाखवू नकोस."

मावशीनं पाट्या भरभरून ती माती शेतात कालवली, गवतानं झाकली, घागरी वाहून ओली ठेवली.

भाजणीला कारभारी पलिता घेऊन आला. "बाजूला हो. रीत मोडतेस?"

मावशी बांधावर आडवी झाली. "आधी मला भाज! तुझ्या पाल्यानं माझी माती मारली, आणि हात माझा वाईट? जा, स्वतःचं शेत भाज!"

चिडून त्यानं आपलं शेत दुप्पट पाला घालून भाजलं. पेरलं.

पाऊस आला. कारभाऱ्याच्या शेतावरून तो घसरला, बियाणं घेऊन मावशीच्या शेतात उतरला आणि तिथं मुरला. पीक कमरेएवढं आलं.

कारभारी धावत आला. "बियाणं माझं! पीक माझं!"

"वा रे वा!" मावशी कडाडली. "तुझा पाला खाली आला तेव्हा दोष माझा. मग तुझं बियाणं आलं, तर पीक तुझं कसं?"

या वेळी गावाची मान डोलली नाही. कारभाऱ्याला हात हलवत परतावं लागलं. पुढं त्या गावात शेत भाजायला कुणी धजलं नाही, आणि कारभारी स्वतः डोक्यावर पाटी घेऊन डोणीपाशी ओली माती भरताना दिसू लागला.

तात्पर्य: न दिसता आपल्यासाठी राबणाऱ्यांना मारून, वर नुकसानीचा दोष दुबळ्याच्या माथी मारू नये.