टिळा लावलेली करवत

वेळ सकाळची, दिवस कासराभर वर आलेला. स्थळ, राजाच्या जंगलातला पालखीचा रस्ता. रस्त्यावर ऐनाचे झाड आडवे पडलेले. झाडाच्या अलीकडे एक लाकूडतोड्या, पलीकडे राजाच्या सासूबाईंची पालखी.

गोष्ट फार जुनी आहे. पक्षी बोलत आणि अंमलदार ऐकत नसत, त्या काळातली.

त्या राज्यात साखळीच्या करवती होत्या. पोटात तेल घालून दोरी ओढली की करवत वाघासारखी गुरगुरे आणि लोखंडी पट्टीभोवती दातांची साखळी गरगर फिरू लागे. दहा माणसांचे काम एकटी करी. नीट राखली नाही, तर दहा बोटांचेही काम एकटीच करी.

म्हणून जुन्या राजाने एक तपासनीस नेमला होता. करवत बंद करायची, थंड होऊ द्यायची, हातात कातडी मोजे घालायचे. साखळी ओढून बघायची, ढिली असेल तर ताणायची. एकेक दात न्याहाळायचा, बोथट असेल त्याला कानस मारायची. साखळी जागच्या जागी थांबवणारा अडसर हलतो का, ते पाहायचे. एवढे झाले की काम सुरू.

एका खंडेनवमीला त्या तपासनिसाने सगळे तपासून झाल्यावर करवतीला हळदकुंकवाचा टिळा लावला. पुढच्या तपासनिसाने थोडे तपासले आणि टिळा लावला. त्याच्या पुढच्याने नुसताच टिळा लावला. हल्लीचा तपासनीस तर रोज सकाळी ओट्यावर बसूनच टिळे लावी आणि वर झेंडूची माळ घाली. नियमही बदलून घेतला होता: ‘टिळा नसलेली करवत चालवू नये. टिळा असलेली करवत चालवण्यास नकार देऊ नये.’

या नियमाखाली सही कोणाची, हे वेगळे सांगायला नको.

तर त्या सकाळी लाकूडतोड्याने करवत हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

तपासनीस गरजला, “अरे ए! पालखी खोळंबली आहे. उचल!”

“सरकार, साखळी बघा. उन्हाळ्यातल्या बैलाच्या जिभेसारखी लोंबते आहे.”

“टिळा दिसत नाही?”

“टिळाच दिसतो सरकार, दुसरे काही दिसत नाही. बोटभर थर आहे. आणि तुमच्या माळेच्या दोऱ्याने अडसर मुठीला बांधून टाकलाय. उद्या साखळी उसळली तर थांबवायची कशी?”

“उद्याचे उद्या!”

“उद्या पाय नसेल सरकार. दोनच आहेत. तिसरा ठेवलेला नाही.”

तपासनिसाने नियम काढून दाखवला. “नकार दिलास तर काम गेले. झोपडी सरकारी जागेत आहे, तीही गेली. बोल!”

 लाकूडतोड्याच्या घरी चार तोंडे होती. त्याने एकदा करवतीकडे पाहिले, एकदा आपल्या डाव्या पायाकडे. पायाचाच निरोप घेतल्यासारखे पाहिले.

वरच्या फांदीवरून सुतारपक्षी म्हणाला, “तपासनीस, मी साधी वाळकी फांदी असली तरी आधी ठोकून बघतो. मग चोच घालतो.”

“तू सरकारी नोकर नाहीस!”

“म्हणूनच चोच शाबूत आहे.”

लाकूडतोड्याला जरा धीर आला. तो म्हणाला, “सरकार, पूजेला माझी ना नाही. नवमीला मीही कुऱ्हाड पुजतो. पण टिळा तुमचा आणि पाय माझा, हा हिशोब बरा नाही. पहिला काप तुम्ही मारा. नीट चालली, तर पुढचे सगळे झाड मी मुकाट्याने कापतो.”

“मी? मी तपासनीस आहे! मी करवत धरत नसतो!”

पालखीचा पडदा सर्रकन बाजूला झाला. सासूबाई बाहेर डोकावल्या. राजा ज्यांच्यापुढे हळू आवाजात बोले, त्याच या.

“अहो टिळेवाले! तो बरोबर बोलतोय. धरा ती करवत.”

“पण बाईसाहेब...”

“टिळा लावलाय ना? मग घाबरता कशाला?”

तपासनिसाने करवत धरली. अंगावर जरीकाठी धोतर, खांद्यावर लांब उपरणे. लाकूडतोड्या ओरडला, “सरकार, उपरणे तरी काढा!” तोवर दोरी ओढून झाली होती.

करवत गुरगुरली. टोक खोडाला लागले आणि ती वर उसळली. अडसर बांधलेला, त्यामुळे साखळी थांबली नाही. ढिली होती, त्यामुळे पट्टीवर राहिली नाही. ती सुटली ती उपरण्यात शिरली, उपरण्यासकट धोतराच्या सोग्यात गुंतली आणि धोतर घेऊन ऐनाच्या खोडात रुतून बसली. तपासनिसाने करवत टाकली आणि दोन्ही हातांनी जे झाकता येईल ते झाकले. अंगावर ओरखडाही नव्हता. लंगोटही होता, एवढे नशीब.

सासूबाईंनी पडदा ओढून घेतला. आतून आवाज आला, “टिळा छान होता हो.”

लाकूडतोड्याने यंत्र बंद केले. ते थंड होईपर्यंत तो बसून राहिला. कोणी घाई केली तरी उठला नाही. मग मोजे घालून त्याने साखळी सोडवली, कुंकवाचे थर खरवडले. खाली एका कडीला तडा गेलेला होता, जुना, गंजलेला. त्याने नवी साखळी चढवली, ताणली, माळ तोडून अडसर मोकळा केला, तो पुढे-मागे करून पाहिला. मगच दोरी ओढली. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि लाकूडतोड्या दोन्ही पायांवर चालत घरी गेला.

राजाने नियम बदलला: जो टिळा लावील, त्याने पहिला काप मारायचा. दुसऱ्या दिवसापासून तपासनीस पहाटेच ओट्यावरून उठू लागला. मोजे घालून प्रत्येक दात दोनदा बघू लागला, आणि टिळा सगळ्यात शेवटी लावू लागला.

बोध एवढाच: हत्याराला हात जोडण्याआधी हात लावून पाहावे.

एक बाब राहिली. त्या सकाळी टिळे लागले होते बारा करवतींना. अकरा करवती अकरा गावांना रवाना झाल्या. त्या कोणी परत मागवल्या का, असे दरबारात तीनदा विचारून झाले. उत्तर आलेले नाही.