घळीकडची हाक

मुलांनो, ज्यांची यंत्रे घराघरांत आणि खिशाखिशांत जाऊन बसली आहेत, अशा बड्या कंपन्यांनी समाजातल्या भांडणांत कोणाची बाजू घ्यावी की गप्प राहावे, यावर मोठी माणसे तावातावाने बोलताना तुम्ही ऐकली असतील. आमच्या घरी तर हा वाद पानातला भात गार होईपर्यंत चालतो. तो ऐकता ऐकता मला सुचलेली ही गोष्ट.

एक जंगल होते. तिथे राजा म्हणायला वाघ होता, पण मातब्बरी होती ती वानरांची. सगळ्यांत उंच झाडांच्या शेंड्यांवर त्यांचे पहारेकरी बसत. गवतात पट्टे दिसले, ठिपके दिसले, की वरून खणखणीत हाक उठे आणि हरणे, सांबरे, रानडुकरे पोराबाळांसह पसार होत. वानरांची हाक कधी खोटी ठरली नाही. त्या बदल्यात जांभळाच्या आणि टेंभुर्णीच्या झाडांना दुसरे कोणी तोंड लावत नसे. पूर्वी प्रत्येक कळपाचा स्वतःचा राखणदार असे. आता तो कशाला हवा? पाडसांना तर कान टवकारायचे असतात, हेसुद्धा कोणी शिकवले नव्हते. हळूहळू असे झाले, की वानरांवाचून जंगलाचे पान हलेना.

त्याच जंगलाच्या कडेला एक खडकाळ घळ होती. तिथे तरस राहत. तरस मेलेली जनावरे खाते, म्हणून त्याने पाणवठ्यावर सगळ्यांच्या शेवटी यायचे, अशी जुनी रीत होती. शेवटी म्हणजे बाकीचे पिऊन, डुंबून, पाणी गढूळ करून गेल्यावर. तरसांनी मेलेल्यांचा निकाल लावला नसता, तर दुर्गंधीने आणि रोगराईने साऱ्यांचीच दैना उडाली असती. पण हे कोणी बोलून दाखवत नसे.

एका उन्हाळ्यात पाणवठा आटत आला. शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला नुसता चिखल उरू लागला. तरसाच्या एका मादीची दोन लहान पिल्ले होती. ती एका संध्याकाळी पिल्लांना घेऊन सर्वांच्या देखत आली आणि हरणांच्या शेजारी उभी राहून पाणी प्यायली. झाले! जंगलात दोन तट पडले.

"पाणी काय कोणी घरून आणलंय? ते सगळ्यांचंच आहे," हरिणी म्हणाली.

"आज पाण्याला आली, उद्या आमच्या पिल्लांशेजारी झोपेल!" रानडुक्कर गुरगुरले. "बापजाद्यांनी रीत घालून दिली, ते काय वेडे होते?"

रोज संध्याकाळी भांडण, रोज धक्काबुक्की. मग दोन्ही तट माना वर करून झाडांकडे पाहू लागले. "वानरोबा, तुम्ही मूग गिळून का बसलात? बोला की! तुमचं सगळं जंगल ऐकतं."

वानरांचा म्होरक्या मोठा जाणता हुप्प्या होता. "आमचं काम पहाऱ्याचं," तो म्हणे. "कोणी कधी पाणी प्यावं, हे आम्ही सांगायचं नसतं." हे उत्तर मला काही अगदीच वाईट वाटत नाही. पण ते फार दिवस टिकले नाही, कारण एके दिवशी कोल्हा झाडाखाली येऊन बसला.

"महाराज," कोल्हा म्हणाला, "तुम्ही गप्प राहिलात तरी बाकीचे अर्थ काढणारच. हरणांचा कळप बघा केवढा वाढलाय! त्यातली तरुण पोरं सगळी तरसाच्या बाजूची. त्यांना तुम्ही आपले वाटला नाहीत, तर ती स्वतःचे राखणदार नेमतील. मग जांभळं कोण सोडणार तुमच्यासाठी?"

जांभळांचे नाव निघताच म्होरक्याला सगळे पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत उंच शेंड्यावरून आरोळी आली, "पाणी सर्वांचे! वानर तरसांच्या पाठीशी आहेत!" हरणांनी आनंदाने उड्या मारल्या. रानडुकरांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. "तुमच्या झाडांची मुळं आमच्या सुळ्यांसमोर आहेत, हे विसरू नका," त्यांनी बजावले. तेव्हा चार दिवसांनी नवी आरोळी आली, "पाणी सर्वांचेच, पण रीतीलाही मान आहे!" आता हरणे रुसली. त्यांच्यासाठी पुन्हा पहिली आरोळी झाली. दोन्ही डगरींवर हात ठेवता ठेवता बिचाऱ्या म्होरक्याचा घसा बसला.

अशात एका दुपारी तरसीण झाडाखाली आली.

"या, तरसबाई," म्होरक्या वरूनच म्हणाला. "आभार मानायला एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"आभार मानायला नाही आले, वानरदादा. बिबळ्या घळीभोवती घिरट्या घालतोय. त्याची पावलं रोज दिसतात मला. मी पोटासाठी बाहेर जाते तेव्हा पिल्लं एकटी असतात. घळीवर सालईचं झाड आहे ना, त्याच्यावर तुमचा एखादा पहारेकरी बसवा. हाक आली की पिल्लं कपारीत शिरतील. तेवढं त्यांना शिकवीन मी."

"घळीवर?" म्होरक्याने नाक मुरडले. "तिथं आमचं कोणी कधी बसत नाही, बाई. खायला एक फळ नाही, वर हाडांचा वास. आणि तुमच्यासाठी आम्ही एवढं बोललो, ते काय थोडं झालं? डुकरं आधीच खवळलीत."

"तुम्ही बोललात ते सगळ्या जंगलानं ऐकलं," तरसीण शांतपणे म्हणाली. "बिबळ्यानंही ऐकलं असेल. त्यानं काही आपली वाट बदललेली नाही."

"बघू, विचार करू," असे म्हणून म्होरक्या पलीकडच्या फांदीवर गेला. तरसीण निघून गेली.

व्हायचे तेच झाले. एका सकाळी ती बाहेर गेलेली असताना बिबळ्या घळीत उतरला आणि त्याने एक पिल्लू नेले.

त्या संध्याकाळी ती उरलेल्या पिल्लाला घेऊन पाणवठ्यावर आली. कोणी भांडले नाही. रानडुकरेसुद्धा बाजूला सरली. म्होरक्याला खरोखरच वाईट वाटले. तो काही दुष्ट नव्हता. पण वाईट वाटले की काय करायचे, हे त्याला एकच माहीत होते. तो शेंड्यावर चढला आणि ओरडला, "वानर तरसांच्या दुःखात सहभागी आहेत!" तरसिणीने पिल्लाला पाणी पाजले, स्वतः प्यायली आणि चालू लागली. तिने मान वर करून पाहिलेही नाही.

हे म्होरक्याला फार लागले. त्याने सगळे पहारेकरी गोळा केले. "घळीच्या बाजूच्या उंबरावर सकाळी कोण होतं?"

"मी होते," एक वानरी पुढे आली.

"बिबळ्या तुला दिसला नाही?"

"दिसला की! चांगला उतारावरून जाताना दिसला."

"मग हाक का नाही दिलीस?"

वानरी गोंधळून त्याच्याकडे पाहू लागली. "तो घळीकडं चालला होता. घळीकडं जाणाऱ्यासाठी हाक द्यायची नसते ना? उगाच सगळ्यांचं चरणं मोडतं. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

म्होरक्यानेच तसे शिकवले होते, आणि त्याला त्याच्या आधीच्या म्होरक्याने. पाणी कोणाचे, यावर त्याचे मत हरणांनी विचारले, डुकरांनी विचारले. पण पाणी काही त्याच्या हातात नव्हते. जे हातात होते, त्याबद्दल विचारायला एकटी तरसीण आली होती, आणि तिला त्याने परत पाठवले होते. मला त्याचा राग येतो, मुलांनो, आणि कीवही येते.

दुसऱ्या दिवशी कोल्हा नेहमीप्रमाणे हजर झाला. "महाराज, आज काय ओरडायचं?"

"काही नाही," म्होरक्या म्हणाला. मग त्याने वानरांना विचारले, "सालईवर कोण बसतं?" कोणी पुढे होईना. सगळ्यांना हाडांचा वास आठवला. तेव्हा तो स्वतःच निघाला.

वाटेत रानडुक्कर आडवे आले. "म्हणजे शेवटी तुम्ही तरसांचेच! पाडू का जांभळीची झाडं?"

"पाड," म्होरक्या म्हणाला. "बिबळ्या तुझ्या पिल्लांकडं वळला तरी हाक येईलच. आजवर येत होती तशीच."

पण डुकराने रागारागाने दोन झाडांची मुळे उकरली ती उकरलीच, आणि त्या वर्षी वानरांना जांभळे कमी मिळाली.

सालईवर सावली धड नव्हती. वास तर होताच. तरसिणीला काही न सांगताच म्होरक्या तिथे बसून राहिला. हरणांनी खालून विचारले, पाण्याच्या वादाचे पुढे काय, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही पाण्यावर एकत्र येता, तुम्हीच बोला. मी इथे पहाऱ्यावर आहे." आणि एके दिवशी, ऊन उतरत असताना, त्याला घळीच्या तोंडाशी ठिपके हलताना दिसले. त्याने छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून हाक दिली.

हरणे पळाली. डुकरे पळाली. तरसीण आपल्या पिल्लाशेजारी घळीतच होती, आणि ती एकटी जागची हलली नाही. अशा हाका तिने जन्मभर ऐकल्या होत्या, आणि त्या नेहमी दुसऱ्या कोणासाठी असत. कोणावर संकट आले म्हणून ती मान वळवून कुरणाकडे पाहू लागली. म्होरक्याने पुन्हा हाक दिली. मग फांदीवरून खाली वाकून, तिच्याकडे तोंड करून आणखी एकदा दिली. तेव्हा कुठे तिला उमगले, की ही हाक आपल्यासाठी आहे. तिने पिल्लाला मानेला धरून उचलले आणि कपारीत शिरली.

तात्पर्य एवढेच : ज्याच्या हाकेच्या भरवशावर सारे जगतात, त्याने वादात तोंड उघडावे की मिटावे, हा प्रश्न नंतरचा, आपली हाक आजवर कोणाला दिलीच नाही, हे त्याने आधी पाहावे.