तानूआक्काचा पाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मोजणाऱ्याची बोटं संपतात. निवडुंगवाडीत तानूआक्का राहायची. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आक्काची तऱ्हाच न्यारी! तिनं नुसता पाय उचलला की उसण वेशीबाहेर पळायची, असं म्हणतात.

गावात आणखी दोघं होते. सिदूबाबा तेल चोळायचे आणि मसू हाडं बसवायचा. मसूचं आणि आक्काचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भर बाजारात तो एकदा म्हणाला होता, "लाथ खाऊन बरं व्हायला माणूस काय गाढव हाय?" तेव्हापासून बारा वर्षं आक्का त्याच्या आळीत फिरकली नव्हती.

अशात जत्रा चार दिवसांवर आली आणि भैरूची पाठ धरली. देवीच्या पालखीचा पुढचा खांदा भैरूच्या घरचा, सात पिढ्यांचा मान. एक वर्ष चुकलं की मान दुसऱ्या घरी जायचा. घाबरून त्यानं सकाळी सिदूबाबांकडून पाठ चोळून घेतली. दुखणं दुप्पट झालं. मग चौघांनी त्याला बाजेवर घालून आक्काच्या अंगणात आणलं.

"आक्का, एकच लाथ! पण जोरात!"

आक्कानं पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. उसण असली की तिचा तळवा ऊन व्हायचा, हाड सरकलेलं असलं की गार, असं म्हणतात. आज तळवा बर्फ झाला होता. सारं गाव बघत होतं. हलकेच पाय लावून दिला असता तर कुणाला कळणार होतं? मोह झाला तिला, खोटं कशाला बोला! पण भैरू लहान लेकरासारखा रडत होता.

तिनं पाय खाली घेतला. "भैरू, हे माझं काम न्हाई. मसूचं हाय."

"अगं, पण तुझं नि त्याचं..."

"गप ऱ्हा. मी येते संगं."

बाजेच्या पुढं आक्का चालू लागली. भैरूला धक्का बसू नये म्हणून तिच्या पावलांखाली वाटेतले खड्डे आपोआप बुजत गेले, असं म्हणतात. तिला दारात बघून मसूनं दोनदा डोळे चोळले.

"माझ्याकडं काय बघतोस? पाठ बघ त्याची!"

मसू वाकला, मणका चाचपला आणि एक हिसका दिला. कट्ट! तीन गावांनी तो आवाज ऐकला. भैरू उठून बसला, पण वाकलेला मसू काही सरळ होईना. त्याच्याच पाठीत उसण भरली होती! आक्काचा तळवा भाकरीच्या तव्यासारखा तापला.

मसू निमूटपणे पालथा पडला. "मार बाई, गाढवाला लाथ!"

सारी आळी हसून लोटपोट झाली. सगळ्यांत मोठ्यानं आक्का हसली.

चौथ्या दिवशी भैरूनं पालखी उचलली.

अजूनही निवडुंगवाडीत कुणाची पाठ धरली, तर बरं करणारा आधी हात ठेवून बघतो. आपलं काम नसलं तर तसं सांगतो आणि रोग्याला दुसऱ्याच्या दारापर्यंत स्वतः सोडून येतो. याला तिथं आक्काची वाट म्हणतात. जत्रेत पालखीही तिच्या अंगणातून निघून मसूच्या दाराशी थांबते. पुढचा खांदा अजून भैरूच्याच घरचा आहे.