बाशिंग्याची पाती

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राघू माणसासारखे बोलायचे, आणि माणसं राघूसारखी जरा कमी बोलायची.

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एक तेलीण राहायची. नवरा मागेच गेलेला. घरात तेलाचा घाणा, आणि घाणा ओढायला एक म्हातारा बैल. तिचा दुसरा बैल होता तरणाताठा. त्याची शिंगं अशी वर जाऊन वळलेली, की जणू नवरदेवाचं बाशिंगच. म्हणून त्याचं नाव बाशिंग्या. पण बाशिंग्या तिच्या गोठ्यात नव्हता. तो होता नाईकाच्या तळावर.

हा नाईक कोण? तर त्या मुलखात कुणाला घाट ओलांडायचा झाला, की तो आधी नाईकाच्या तळावर जायचा. नाईक गाडी द्यायचा, बैल द्यायचा, सोबतीला वाटाड्या द्यायचा, पलीकडच्या धर्मशाळेत ओवरी धरून ठेवायचा. या उद्योगात गावकऱ्यांची पाती असायची. ज्यानं तळावर बैल घातला, तो पातीदार. तळ कमावेल तसा त्याला धान्याचा वाटा मिळायचा. आणि तळ बुडाला, तर तळावरचे बैल घेणेकऱ्यांचे. रीत अशी, की बैल घालायचा तो पोळ्याला, आणि काढायचा तोही पोळ्यालाच. अधेमधे नाही.

तेलिणीचं बरं चाललं होतं. बाशिंग्याच्या पातीचं धान्य घरात यायचं. घाण्याचा बैल थकला तर बाशिंग्या आहेच, एवढ्या भरवशावर ती सुखानं झोपायची.

मग एका वर्षी राजानं राघू सोडले. दर गावच्या पारावर एक राघू. त्याला म्हणायचं, "राघोबा, पलीकडच्या पेठेला जायचंय." राघू वाट सांगायचा, भुर्रकन उडून घाटापार जायचा, ओवरी धरायचा आणि परत येऊन ओरडायचा, "ओवरी तुमची! वाट मोकळी! सुखानं जा!" मोल काय, तर एक हिरवी मिरची.

झालं. लोक नाईकाच्या तळाची पायरी विसरले. मिरची द्यायची नि निघायचं. नाईकाच्या गाड्या उभ्या राहिल्या, चाकांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या साली तेलिणीच्या पातीचं धान्य आलं ते निम्मंशिम्मं.

पोळा जवळ आला, तसा तिचा भाऊ घरी आला. भाऊ बोलायला फटकळ, पण पोटात माया.

"आक्का, उद्या खांदेमळणी, परवा पोळा. बाशिंग्याला काढ तिथनं. सगळं गाव काढतंय."

"काढून ठेवू कुठं रं? वैरण तरी आहे का एवढी?"

"ठेवायचा कशाला? नदीकाठी शेटनं नवा तळ काढलाय, त्यावर घालू. मी माझा घालतोय. शेट म्हणतो, राघूंना जाळ्यात धरीन आणि पातीदाराला दुप्पट धान्य देईन. त्याच्या बैलांच्या शिंगांना सोनेरी वर्ख लावलाय, बघितलास का?"

"वर्खानं घाट चढतोय होय बैल?"

"हस तू! लोक मिरचीत घाट ओलांडायला लागले, आणि तू नाईकाच्या गळ्यात बैल बांधून बसलीस."

तेलीण म्हणाली, "आपली आई शेवटच्या दुखण्यात माहेरी अडकली होती. नाईकानं तिला पाठुंगळी घेऊन घाट उतरवला. तिचा हात माझ्या हातात दिला त्यानं. विसरू कशी?"

"विसरू नको. त्याला नारळ दे, धोतरजोडी दे. पण आक्का, उपकार फेडायला कुणी बैल देतं का? उद्या तळ बुडाला, बाशिंग्या गेला आणि घाण्याचा बैल बसला, म्हणजे जू तुझ्या खांद्यावर येईल."

हे मात्र तिला लागलं. कारण ते खरं होतं. उपकार वेगळा आणि पाती वेगळी. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, भावाचं ऐकायचं नाही आणि आपल्या मनाचंही ऐकायचं नाही. आधी डोळ्यांनी बघायचं.

खांदेमळणीच्या सकाळी ती तेलाची बुधली आणि हळद घेऊन नाईकाच्या तळावर गेली. बाशिंग्यानं लांबूनच तिला ओळखलं नि मान हलवली. तिनं त्याचा खांदा मळला, पाठ थोपटली आणि मग घरी न जाता तिथंच ओट्यावर बसून राहिली.

एक वाटसरू आला. "नाईक, घाटाच्या अलीकडच्या वाडीची वाट कुठली?"

नाईक म्हणाला, "त्या पारावर राघू आहे. त्याला विचार. एका मिरचीत सांगतो."

तेलिणीनं कपाळावर हात मारला. "अहो नाईकबाबा, आलेलं गिऱ्हाईक घालवता?"

नाईक हसला. "तेलीणबाई, जे पारावर मिरचीत मिळतं, ते मी धान्य घेऊन विकलं, तर मला लबाड म्हणतील. वाट सांगायचा धंदा आता गेला. गेला तर गेला. इतकी वर्षं त्यावर जेवलो, त्याचे उपकार."

"मग आता जेवायचं कशावर?"

"बसा. जेवायच्या आधीच कळेल बहुतेक. घाटात रात्री दरड उतरलीय."

दुपार कलली, आणि घाटाकडून रडारड ऐकू आली. एक लग्नाचं वऱ्हाड चिखलानं माखून परत येत होतं. नवरदेवाचा आजा अंथरुणाला खिळलेला, म्हणून लग्न पोळ्याच्या अवसेलाच धरलेलं. नवरीच्या मुंडावळ्या एका कानावर लोंबत होत्या. म्हातारी आजी जावयाच्या पाठीवर. मागोमाग एक गरोदर सासुरवाशीण, तिची सासू, आणि चार व्यापारी. सगळे पाराशी गेले. नवरीचा बाप राघूवर ओरडला, "अरे लबाडा! वाट मोकळी म्हणालास, तिथं अख्खा डोंगर आडवा पडलाय! वर ज्या ओवरीचं आम्हाला सांगितलंस, तीच ह्या व्यापाऱ्यांना, आणि तीच ह्या पोरीलाही!"

राघूनं मान वाकडी केली आणि गोड आवाजात म्हणाला, "ओवरी तुमची! वाट मोकळी! सुखानं जा!"

बापानं चप्पल उचलली. राघू उडून वरच्या फांदीवर बसला. चप्पल मात्र खाली येताना एका व्यापाऱ्याच्या पागोट्यावर पडली.

तेवढ्यात नाईक उठला. बाप त्याच्यावरच घसरला, "तुम्ही सगळे वाटाडे सारखेच!" नाईक एक शब्द उलट बोलला नाही. त्यानं आधी आजीला खाली उतरवून घेतलं, तिच्या पायाला शेक दिला. गरोदर पोरीला सुईणीच्या घरी धाडलं. व्यापाऱ्यांची सोय कुंभाराच्या पडवीत लावली. वऱ्हाडाला तळावर घेतलं. मग बापाशेजारी बसून म्हणाला, "मुहूर्त उद्या कलत्या उन्हाचा ना? घाटाला वळसा घालून खिंडीची जुनी वाट आहे. अवघड आहे, पण मी स्वतः येतो. पोळ्याला बैल जुंपू नये खरं, पण नडीला गाडीला बाशिंग्याला जुंपतो, तो चिखलात पाय रोवतो. पोचलो नाही, तर माझं पागोटं तुमच्या पायाशी. पण माझं मोल मी घेईन."

"घ्या हो, घ्या!" बाप म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस मुसमुसून रडला.

तेलीण ओट्यावरून सगळं बघत होती. तिच्या मनात आलं, राघू वाट सांगतो, ओवरी धरतो, सगळं खरं. पण वाट अडली, की माणसाला भांडायला माणूस लागतो, पागोटं धरायला माणूस लागतो. राघूचं पागोटं कुठून धरणार? तळ लहान होईल, गाड्या निम्म्या विकाव्या लागतील, पण हा बुडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. इतरांचे बैल वेशीवर वाजतगाजत मिरवले, आणि मिरवणूक संपली की नदीकाठच्या तळाकडे वळले. बाशिंग्याला मिरवणूक मिळाली नाही. तो पहाटेच नवरीची गाडी घेऊन खिंडीच्या वाटेला लागला होता, आणि मुहूर्ताच्या आत नवरी मांडवात पोचली.

भाऊ म्हणाला, "आक्का, काढला नाहीस?"

"नाही रं. पण तुझे आभार. तू टोचलंस म्हणून मी जाऊन बघितलं."

पुढं काय झालं? शेटनं राघू धरायला जाळी विणली, माणसं ठेवली, चौघडा लावला. राघू जाळीवर बसून शेटलाच म्हणाले, "वाट मोकळी! सुखानं जा!" होळीच्या आत तळ बुडाला आणि सोनेरी शिंगांचे बैल घेणेकऱ्यांनी हाकलून नेले. त्यात भावाचाही होता.

इकडं तिळाच्या ऐन हंगामात तेलिणीचा म्हातारा बैल घाण्याशी बसला तो उठलाच नाही. ती रडत नाईकाकडे गेली. "नाईकबाबा, पोळा तर लांब आहे. रीत मला ठाऊक आहे."

"रीत बैल काढायची आहे," नाईक म्हणाला. "उसना द्यायला कुठली रीत आडवी येते? न्या. वाटेचं काम निघालं तर मी मागून घेईन."

मग बाशिंग्या कधी घाणा ओढायचा, कधी अडलेली गाडी. पातीचं धान्य पहिल्यासारखं भरभरून कधीच आलं नाही. पण दरसाल आलं, आणि घराला पुरलं. पेरणीच्या दिवसांत भाऊ बैलावाचून शेताच्या बांधावर बसलेला तिनं पाहिला, तेव्हा ती बाशिंग्याला घेऊन तिथं गेली.

भावानं मान खाली घातली. "आक्का, मी तुला हसलो होतो."

"हसलास म्हणून तर डोळे उघडले. उचल आता जू."

पुढच्या पोळ्याला तिनं पुरणपोळीचा पहिला घास बाशिंग्याला दिला. दुसरा नाईकाला. मग पारावर जाऊन एक हिरवीगार मिरची राघूपुढं ठेवली. तो नसता, तर नाईकाचं खरं मोल तिला तरी कुठं कळलं असतं!

राघू म्हणाला, "वाट मोकळी!" आणि त्या दिवशी ती खरोखरच मोकळी होती.

म्हणून सांगते लेकरांनो: पाती घालावी ती गर्दी बघून नाही आणि नुसत्या उपकारापोटीही नाही, वाट अडल्यावर जो जागचा हलत नाही त्याच्याकडे घालावी, आणि ज्यानं ते बघायची बुद्धी दिली त्याचे उपकार जन्मभर मानावे.