मुंडाशातला तितर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तितर माणसांविषयी आपापसात बोलत असत आणि माणसांना ते मुळीच आवडत नसे.

एका माळाच्या कडेला एक गाव होते. माळ कसला, तळहातच! झाड नाही, झुडूप नाही, नुसते गुडघाभर पिवळे गवत. त्या गावची एक रीत होती. गावची मुलगी ज्याला हवी, त्याने माळावरून एक जिवंत तितर धरून सासऱ्याच्या अंगणात आणायचा. त्याचे पीसही मोडता कामा नये. सासऱ्याने पाहिला, की त्याला दाणे घालून पुन्हा सोडून द्यायचे. ज्याला एवढा धीर नाही तो संसार काय करणार, असे गावाचे म्हणणे.

दूरच्या जंगलातून हैबती नावाचा शिकारी येसूला मागणी घालायला आला. येसू माळावर शेळ्या राखायची. दोघांनी एकमेकांना जत्रेत पाहिले होते आणि तेव्हापासून दोघांचेही कशात लक्ष लागत नव्हते.

येसूचे वडील म्हणाले, "अमावास्येच्या आत तितर आणा, पाव्हणं. न्हाई आणला, तर दुसरं स्थळ दारात उभं हाय."

हैबती हसला. ज्याने सांबरे टिपली, त्याला तितर म्हणजे पोरखेळ. त्याने डोक्यावरचे लालभडक, जरीच्या तुऱ्याचे मुंडासे ठाकठीक केले आणि कामाला लागला.

जंगलात तो शिकारीला बसताना हिरव्या फांद्यांचे लपण करी. इथेही नदीकाठाहून आंब्याच्या फांद्या ओढत आणून त्याने माळाच्या मधोमध डेरेदार लपण उभारले. समोर बाजरीचे दाणे टाकले, दाण्यांभोवती दोरीचा फास मांडला आणि दोरीचे टोक हातात धरून आत बसला.

तितरांमध्ये एक म्हातारा होता. गावच्या कितीतरी जावयांनी त्याला धरून नेले होते आणि दरवेळी तो अंगणातले दाणे खाऊन सुखरूप परतला होता. जावई पारखण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

"पोरांनो," तो म्हणाला, "काल इथं कुसळ होतं, आज आंब्याचं झाड हाय. आन् झाडाला जांभया येत्यात."

तितर पोट धरधरून हसले आणि दुसरीकडे चरायला गेले.

काही दिवस असेच गेल्यावर हैबतीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने फांद्या फेकून दिल्या आणि माळावरच्याच गवताचे बुटके लपण केले. मागून उजेड येऊन आपली सावली दिसू नये म्हणून पाठीशी घोंगडी लावली. काम असे बेमालूम झाले, की येसूची एक शेळी येऊन लपण खाऊ लागली. तरी तितर काही जवळ फिरकेना.

"लपण झकास हाय," म्हातारा तितर म्हणाला, "पर गवताला जरीचा तुरा फुटलाय. बघू कधी उतरतो ते."

अमावास्या उद्यावर आली. हैबतीला घास गोड लागेना. संध्याकाळी येसू शेळ्या घेऊन तिथून निघाली होती. लग्नाआधी नवऱ्या मुलाशी बोलायचे नसते, म्हणून तिने पाठ फिरवली आणि ती शेळीशी बोलू लागली.

"काय गं चांदे, सगळं लपलंय, तुरा तेवढा माळभर दिसतोय. ह्यो मानूस तितर धराया बसलाय का मिरवाया?"

हैबतीला ते झोंबले. "चांदे, तुझ्या मालकिणीला सांग, असलं मुंडासं आख्ख्या जंगलात दुसरं न्हाई!"

"मग ऱ्हाव म्हणावं मुंडाशासंगट," येसू म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. "मी जाते दुसऱ्याच्या घरी."

तो भरलेला आवाज हैबतीच्या काळजात घुसला. पहाटे त्याने मुंडासे उतरवून मांडीखाली घातले आणि उघड्या डोक्याने धुळीत बसला. सूर्य वर आला. गवतातून म्हातारा तितर तुरुतुरु आला, त्याने लपणाकडे नीट पाहिले आणि तो निवांत दाणे टिपू लागला.

दोरी ओढली गेली. तितर फडफडला. आता याचा पंख मोडणार, या भीतीने हैबतीने हाताला लागले ते ओढले, त्यात तितराला अलगद गुंडाळले आणि गावाकडे धूम ठोकली.

अंगणात माणसे हसू लागली. पाव्हण्यांच्या केसांत गवत होते, अंगभर धूळ होती आणि ज्या मुंडाशाचा एवढा तोरा, त्यावर तितराने मनसोक्त शिटले होते. येसूच्या वडिलांनी मुंडासे उलगडून एकेक पंख पाहिला. पीसही मोडले नव्हते. मग त्यांची नजर हैबतीच्या डोक्याकडे गेली. थोरामोठ्यांपुढे आपण बोडक्याने उभे आहोत, हे हैबतीला तेव्हा कळले.

"चुकलं, मामा," तो मान खाली घालून म्हणाला.

येसूच्या वडिलांनी आपल्या डोक्यावरचे जुने, पांढरे मुंडासे काढले आणि भर अंगणात जावयाच्या डोक्यावर ठेवले. येसूने चांदी शेळीच्या गळ्यात तोंड लपवले.

तितर पोटभर दाणे खाऊन माळावर परतला. "जावई चांगला हाय," त्याने पोरांना सांगितले, "जरा उशिरा पिकला, इतकंच."

म्हणून लहानथोरांनो, ज्याला काम साधायचे आहे, त्याने आधी मिरवण्याची हौस उतरवून ठेवावी.