ओळखीचा चकवा

त्या रानात दिवसभर जपून चालावे लागे, म्हणून प्रत्येकाला कधीतरी हरवावेसे वाटे. हरवण्याची सोय साळिंदरांनी केली होती. टेकडीच्या पोटात त्यांनी फाट्या-फाट्यांची भुयारे खणली होती. एका तोंडाने शिरायचे, फसायचे, धडपडत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचे. या खेळाला सगळे रान चकवा म्हणे. चाळीस उन्हाळे दुसरा खेळ कोणाला ठाऊक नव्हता.

भुयारे खणणाऱ्यांत सटवाजी सगळ्यात जुना. बोलणे कमी, नखे जाड. घराण्याचा पहिला चकवा त्यानेच खणला होता. सशाची चंद्री तेव्हा एवढीशी होती. ती त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हरवली, आणि बाहेर येताच पुन्हा आत पळाली. चांगले काम कशाला म्हणावे असे कोणी विचारले की सटवाजी तेवढेच सांगे.

पुढे नदीकाठी पाणमांजरांनी चिखलाच्या घसरगुंड्या केल्या. नदी रोज काठ कापी, म्हणून घसरगुंडीही रोज वेगळी. पिल्ले तिकडे गेली. टेकडीवर येत ते त्यांचे आईबाप, तेही कधीमधी. रानाचा कायदा साधा होता. ज्या भुयारात लागोपाठ दोन उन्हाळे एकही पिल्लू शिरले नाही, ते अजगराला राहायला द्यायचे. त्यातला एक उन्हाळा सरला होता.

सटवाजीने हिवाळाभर एकट्याने नवे भुयार खणले. त्यात एके ठिकाणी हाक डावीकडून येई आणि वाट उजवीकडे असे. एके ठिकाणी चढण वाटे आणि पाय खाली जात. नखे झिजली, पण त्याला बरे वाटत होते.

घराण्याची रीत अशी की नवे भुयार आधी पाच पंचांनी चालून बघायचे. पाचही जणांनी ‘ओळखले’ म्हटले, तरच ते उघडायचे.

पंच सकाळी आत गेले. दुपारी चौघे बाहेर आले, तेही शिरले त्याच तोंडाने. थोरले पंच येसाजीअण्णा यांना तिसऱ्या प्रहरी ओढून काढावे लागले. काटे चिखलाने माखले होते.

“काय खणलंस हे, सटवाजी?”

“चकवा, अण्णा.”

“चकवा कसला? आम्ही हरवलो की आत.”

“मग?”

“मग काय मग? आपल्याच भुयारात आपण हरवायचं? रान काय म्हणेल?”

“मला तर मजा यायला लागली होती,” दुसरा पंच अंग झटकत म्हणाला. “तेव्हाच म्हटलं, हे आपलं नव्हे.”

“अण्णा, पिल्लं येतील याला,” सटवाजी म्हणाला.

“पिल्लांचं आम्हाला शिकवू नकोस. त्यांच्या आईबापांना आम्ही खेळवलंय.”

“तेच म्हणतोय मी. आईबापांना.”

येसाजीअण्णांनी काटे फुलवले. बोलणे तिथेच संपले. भुयार बुजवायचा हुकूम झाला, आणि खणले त्यानेच बुजवावे असे ठरले. सटवाजीने चार दिवस माती लोटली. त्याच चार दिवसांत पंचांनी घराण्याचा पहिला चकवा आतून तांबड्या मातीने सारवून घेतला आणि नवा म्हणून उघडला.

त्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मिशा पिकलेली चंद्रीही आली. बरोबर तिची चार पिल्ले होती.

“जा की आत,” ती त्यांना म्हणाली. “मी दिवसभर हरवले होते यात.”

“तू ये जाऊन. आम्ही बसतो इथं,” थोरले पिल्लू म्हणाले.

चंद्री आत गेली. पिल्लांचे एक गवताचे पाते चावून होते न होते, तोच ती दुसऱ्या तोंडाने बाहेर आली. तिचे डोळे भरले होते.

“कसा वाटला?” सटवाजीने विचारले.

“फार छान, सटवाजीदादा. सगळं जिथल्या तिथं आहे.”

तिने वळून पाहिले. पिल्ले नदीची वाट उतरत होती. ती हाका मारत त्यांच्यामागे गेली.

पंच खुशीत होते. दुसरा जुना चकवा कोणत्या मातीने सारवायचा याची बोलणी सुरू झाली होती.

“आत पिल्लं किती गेली?” सटवाजीने विचारले.

“गर्दी बघ रे, गर्दी,” येसाजीअण्णा म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर सटवाजी स्वतः आत शिरला. निदान एकदा हरवून बघावे, एवढेच मनात होते. पहिल्या फाट्यावर पाय आपोआप बरोबर वळले. दुसऱ्यावरही तसेच. खरी वाट दिवसभराच्या पायांनी पार उखडून गेली होती, तांबडी माती जाऊन खालची काळी वर आली होती. तिसऱ्या फाट्यावर तो थांबला. चुकायला त्याला जोर करावा लागला. नेटाने वळून तो चुकीच्या वाटेने शेवटपर्यंत गेला, भिंतीला नाक टेकवले आणि माघारी फिरला.

तिथले सारवण अजून ओले होते. त्यावर सारवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे होते, आणि पावले एकट्या त्याचीच.