टोपलीतलं पिल्लू

“टोपलीत काय आणलंस?” धुरपदाआजीनं विचारलं.

“रानमांजराचं पिल्लू. आईवेगळं.”

श्रीरंग कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. आजी डोंगरात शेरडं राखत म्हातारी झालेली. अक्षराशी गाठ नाही. जनावरं ओळखायला शिकतो म्हणून तो सहा महिने तिच्याकडे येत होता, आणि येऊन तिलाच शिकवत होता.

पहाटे खालच्या उसात, कुंपणाच्या जाळीत ते अडकलेलं त्याला सापडलं. आज त्या फडात तोडणीची टोळी शिरली होती. कोयत्यांचा आवाज वर झोपडीपर्यंत येत होता. आपण एक जीव वाचवला, हे त्यानं दोनदा सांगितलं.

“पिल्लू कशावरून?”

त्यानं वही उघडली. अंगाची लांबी, शेपूट, कान, पाय, सगळं मोजलेलं. अंगावर तांबूस ठिपके. रानमांजराच्या पिल्लांना असतात, मोठेपणी जातात. हे घरच्या मांजराएवढंसुद्धा नाही.

आजी उठली. कोनाड्यात तिनं रानात वेचलेल्या दोन कवट्या होत्या. त्या तिनं त्याच्यापुढं ठेवल्या.

त्याला हेच हवं होतं. मोठी रानमांजराची, लांबट, तो म्हणाला. धाकटीचं कपाळ गोल, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, तोंड आखूड. म्हणजे पिल्लाची. टोपलीतल्याचं डोकंही असंच.

“धाकटीच्या दातांवर बोट फिरव.”

शिकलेल्या माणसाला बोटं असतात, पण ती पानं उलटायला. त्यानं फिरवलं.

सुळे झिजून बोथट झालेले. कवटीचे सांधे पार मिटलेले.

“ही तर... म्हातारी आहे.”

“वाघाटी. रानमांजरातली सगळ्यात बारकी जात. माझ्या दारात आठ वर्षं उंदीर खाल्ले तिनं. एवढीच असते ती.”

श्रीरंगनं टोपली तिच्याकडे सरकवली.

आजीनं हाताला घोंगडीचं टोक गुंडाळलं, झाकण सारलं, मानेला धरून जनावर उचललं आणि त्याच्यासमोर उताणं केलं.

पोटावरचे सड फुगलेले. भोवतीचे केस चोखून चिकट झालेले.

दुधाचा एक थेंब वहीवर पडला. शाई फुटली.

“मी हिला... मी हिला बोळ्यानं दूध पाजत होतो.”

खाली कोयते चालूच होते.

“पिल्लं कुठायत, मास्तर?”

त्यानं वही चाळली. पुढं, मागं. शेपटीचं माप होतं. मिशीच्या केसाचंही होतं. ती कुठून आली, कुठं निघाली होती, एक ओळ नाही.

“सहा एकर ऊस आहे, आजी...”

“आधी खाली पळ, कोयते थांबव.”

“आणि मग? मी कुठं शोधू?”

आजीनं वाघाटी टोपलीत ठेवली, झाकण लावलं. त्याच्या हातातली वही काढून कोनाड्यात टाकली आणि त्या हातात टोपली दिली.

“जाळीपाशी सोड आणि तिलाच विचार. तिनं मोजलेलं असेल.”